आज हरतोय

येरवड्याच्या पर्णकुटी फुटबॉल क्लबला हक्काचे प्रेक्षक किती, असं एकोणीस वर्षांत कुणी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. एक. हिंमतराव बोराटे. पीएमटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, डोकी मोजायची सवय हाडात मुरलेली. मैदानाच्या सिमेंटच्या पायरीवर टेकले की आधी मोजणी व्हायची. "सतरा," ते स्वतःशीच म्हणायचे, "त्यातली दोन कुत्री."

फुटबॉलला त्यांनी जन्मात पाय लावला नव्हता. एकदा सकाळची ड्यूटी संपवून घरी निघाले होते, वाटेत मॅच चालू दिसली आणि पायरीवर सावली दिसली, म्हणून बसले. पहाटेपासून गर्दी रेटलेल्या माणसाला जिथं कुणी नाही अशी जागा हवी असते, आणि पर्णकुटीच्या मॅचइतकी मोकळी जागा सगळ्या पुण्यात दुसरी नव्हती. त्या दिवशी क्लब सहा गोलांनी हरला. हाफ टाइमला पोरांनी संत्र्याच्या फोडी वाटल्या, त्यातली एक यांच्या हातावर ठेवली. पुढच्या रविवारी हे परत हजर. पोरं म्हणाली, "काका, आलात?" बास, एवढ्यावर माणूस बांधला गेला.

पुढे द्वारकाबाई गेल्या. सहा वर्षं झाली त्याला. मुलगी पूर्णिमा नाशिकला दिलेली. ती रविवारी सकाळी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते, हे घेतल्या म्हणतात, फोन संपतो. उरलेल्या आठवड्यात हिंमतरावांशी बोलतं कोण? दूधवाला पिशवी अडकवून जातो, तोही बोलत नाही. कुकरच्या दोन शिट्ट्या हाच घरातला मोठा आवाज. तेव्हा "काका, आलात?" हे दोन शब्द ऐकायला माणूस आठवडाभर थांबत असेल, तर त्यात हसण्यासारखं काही नाही.

हिंमतरावांची एक खोड होती. मॅच सुरू व्हायच्या आधी कुणी विचारलं, "काका, काय वाटतं?" की यांचं उत्तर ठरलेलं: "आज हरतोय." तोंड कडू औषध प्याल्यासारखं. आता ज्याला कळायचं त्याला कळायचं. गोऱ्यागोमट्या पोराला आई दगडू हाक मारते, ती काय पोर दगड आहे म्हणून? दृष्ट लागू नये म्हणून. हिंमतरावांचं 'हरतोय' हे त्या जातीचं होतं. जुन्या खेळाडूंना हे ठाऊक होतं. गोली रणजित तर मैदानात उतरण्याआधी मुद्दाम येऊन विचारायचा, आणि 'हरतोय' ऐकल्याशिवाय हातमोजे घालायचा नाही.

आणि मग गेल्या वर्षी आक्रीत घडलं. पर्णकुटी पहिल्या डिव्हिजनमधून थेट वर चढला, शहराच्या लीगमधल्या सगळ्यात वरच्या सुपर डिव्हिजनमध्ये! कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ टाकला, तो पसरला, आणि बघता बघता गल्लीतल्या क्लबला पाठीराखे फुटले. हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारी पोरंपोरी जांभळे शर्ट घालून, ढोल घेऊन यायला लागली. स्वतःला 'कुटीकर' म्हणवून घ्यायला लागली. हिंमतरावांनी पहिल्या मॅचला मोजणी केली आणि दोनशे चाळीसनंतर सोडून दिली.

त्यांना आनंद झाला का? झाला. उगाच नाही म्हणायला नको. एकोणीस वर्षं एकट्यानं गिळलेले पराभव आता दोनशे चाळीस माणसांत वाटून घ्यायला मिळणार होते. निकिता नावाची एक मुलगी त्यांच्या शेजारच्या पायरीवर येऊन बसायला लागली. मूळची यवतमाळची, हिंजवडीत हॉस्टेलवर राहणारी. दीड तास ट्रॅफिक खाऊन यायची. "एवढ्या लांब कशाला येतेस गं?" हिंमतरावांनी विचारलं, तेव्हा म्हणाली, "काका, रविवारी हॉस्टेलवर कुणीच नसतं." हिंमतराव पुढच्या वेळेपासून पिशवीत शेंगदाण्याच्या दोन पुड्या आणायला लागले. निकितानंच त्यांना व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपचं नाव 'टिकणारच!'

टिकणं सोपं नव्हतं. बारा संघ, प्रत्येकाशी एक मॅच, शेवटचे दोन पुन्हा खाली. नव्यानं वर आलेला संघ म्हणजे मोठ्यांच्या पंगतीत बसलेलं पोर, वाढपी पुढून निघून जातो. पहिल्या सात सामन्यांत पर्णकुटी पाच हरला, एक बरोबरीत सुटला, एक कसाबसा जिंकला. आणि दर वेळी, अगदी त्या जिंकलेल्या मॅचलाही, हिंमतराव म्हणत होते, "आज हरतोय."

नव्या पोरांना हे खटकायला लागलं. "काका, पॉझिटिव्ह बोला ना यार," ढोलवाला अभिनव म्हणायचा. हा कुटीकरांचा म्होरक्या, कंपनीत आकड्यांचंच काम करणारा. हिंमतराव म्हणायचे, "पॉझिटिव्ह बोलायला तुम्ही दोनशे आहात की. एकानं खरं बोलावं." आपलं पुणेरी बोलणं. जुने हसायचे. नवे हसत नव्हते, हे हिंमतरावांच्या लक्षात आलं नाही.

तेवढ्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस धुळीत पाऊल टाकायचं नाही. आणि मैदान म्हणजे तर नुसती धूळ. दोन मॅच चुकल्या. दोन्ही पर्णकुटीनं जिंकल्या! हिंमतरावांनी घरात डोळ्याला हिरवी पट्टी लावून एकट्यानं टाळ्या वाजवल्या. सोळाव्या दिवशी काळा चष्मा लावून मैदानावर गेले, 'आज हरतोय' म्हणाले, आणि क्लब चार गोलांनी हरला.

त्या संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी काळ्या चष्म्यातला त्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलेलं: पनवती काका. त्याखाली हसणारी तोंडं, पस्तीस-चाळीस तरी. हिंमतरावांनी फोन डोळ्यांजवळ धरून ती एकेक पाहिली. जुनी सवय, मोजून टाकली. त्यात निकिताचं तोंड नव्हतं, याचं त्यांना बरं वाटलं.

शेवटची मॅच रविवारी होती. जिंकलं तर टिकलं, नाहीतर पुन्हा खाली. गुरुवारी अभिनव आणि निकिता घरी आले. हातात सफरचंदं, आजाऱ्याकडे नेतात तशी. हिंमतरावांनी चहा टाकला. घरात तीन कप एकदम कधी लागले होते, आठवेना. तिसऱ्याचा कान तुटका निघाला, तो त्यांनी स्वतःला घेतला.

अभिनवनं मोबाइल पुढे केला. त्यावर तक्ता. "काका, राग मानू नका. पण डेटा बघा. तुम्ही हजर : आठ सामने, एक विजय. तुम्ही गैरहजर : दोन सामने, दोन विजय."

हिंमतराव तक्त्याकडे बघत राहिले. "म्हणजे मी येऊ नको?"

"फक्त एकदा, काका. सगळ्यांचंच म्हणणं आहे. क्लबसाठी."

हिंमतरावांनी निकिताकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. "काका," ती हळूच म्हणाली, "मलाही हे पटत नाही हो. पण रविवारी हरलो तर सगळे तुम्हालाच बोलतील ना."

"नाही येत," हिंमतराव म्हणाले. "माझी कुठं मैदानावाचून कामं अडलीत? चहा घ्या, गार होतोय."

ती दोघं गेली आणि हिंमतरावांना राग आला. एकोणीस वर्षं! या पोरट्यांचे दुधाचे दातही पडले नव्हते तेव्हापासून मी त्या पायरीवर बसतोय! आणि याच रागाच्या पोटी तो विचार आला, जो यायला नको होता. एकोणीस वर्षं मी बसतोय, आणि एकोणीस वर्षं क्लब खालीच होता. वर चढला तो सामना कोणता? ज्या रविवारी मी नातवाच्या बारशाला नाशिकला होतो, तो. हिंमतराव खुर्चीत ताठ झाले. अहो, त्या वर्षी त्याआधीचे सात सामने क्लब जिंकला, तेव्हा हा माणूस पायरीवरच बसला होता की! पण एकट्या माणसाच्या घरात विचाराला उलटा सवाल करणारं कुणी नसतं. द्वारकाबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "काहीतरीच काय! तुमच्यात एवढा जोर असता तर आपला पंखा नसता का नीट चालला?" त्या नव्हत्या. तीन दिवस हिंमतराव तो एक विचार चघळत बसले.

रविवारी दुपारी ढोल वाजायला लागले. मैदान घरापासून दहा मिनिटांवर, आवाज थेट स्वयंपाकघरात. हिंमतरावांना वाटलं, घरी बसणंही बरोबर नाही. इतक्या जवळ असलेली पनवती पोचत असेल. त्यांनी चपला घातल्या आणि मैदानाच्या उलट्या दिशेनं निघाले. बस मिळाली ती धरली, हडपसरला बदलली, आणि जिथं जाऊन गाडी वळते तिथपर्यंत, पार लोणी काळभोरला जाऊन उतरले. कोणे एके काळी या रूटवर त्यांनी घंटी मारली होती. याहून लांब कुठं जावं, ते त्यांना सुचलं नाही.

स्टॉपला लागून चहाची टपरी होती. शकू नावाची बाई चालवत होती. हिंमतराव बाकड्यावर बसले, मोबाइल दोन्ही हातांत धरून. मागून सोलापूरकडे ट्रक धडधडत जात होते. ग्रुपवर मिनिटामिनिटाला काहीतरी येत होतं. शून्य-शून्य. हाफ टाइम. शून्य-शून्य. रणजितनं पेनल्टी अडवली! हिंमतराव उभे राहिले. त्यानं आज कुणाला विचारलं असेल, 'हरतोय' कुणी म्हटलं का त्याला? ते पुन्हा बसले.

"कुणाची वाट बघताय वो बाबा?" शकूनं विचारलं.

"कुणाची नाही."

आणि मग फोन एकदम थरथरायला लागला, थांबेचना. गोल! शेवटच्या मिनिटाला, कॉर्नरवरून. मग नुसतेच जांभळे बदाम, मग ढोलाचा फाटका आवाज, मग लिहिलेलं : टिकलोऽऽऽ!

"आम्ही टिकलो," हिंमतराव मोठ्यानं म्हणाले. स्टॉपवर एक शेळी होती आणि शकू होती.

"कोन टिकलं?"

"आमचा क्लब. फुटबॉलचा."

"चांगलं झालं की मग. रडताय कशापायी?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय," हिंमतराव म्हणाले.

शकूनं न विचारता चहाचा ग्लास हातात दिला. हिंमतरावांनी पुन्हा फोन पाहिला. त्यांच्या नावानं मेसेज आले होते, कधी नव्हे एवढे. 'थँक्यू काका!' 'काकांनी वाचवलं!' अभिनवनं लिहिलं होतं, 'काका, कुठे असाल तिथेच राहा! पुढच्या सीझनलाही प्लीज.' खाली हसणारी तोंडं. या वेळी निकितानंही एक टाकलं होतं. बिचारीनं खुशीत टाकलं असेल, तिचा काय दोष. हिंमतरावांनी लिहायला घेतलं, 'पुढच्या मोसमात येऊ ना मी?' चार वेळा वाचलं. मग एकेक अक्षर पुसून टाकलं आणि नुसतं 'अभिनंदन' पाठवलं.

कुणी वाईट नव्हतं हो यात. मस्करी होती. पुढच्या मोसमात हे गेले असते तर पोरांनी हाकलून थोडंच दिलं असतं? पण बोलवायलाही कुणी आलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल. आणि हिंमतरावांनी न बोलवता जायचं तर हरल्यावर दोनशे चाळीस माणसं मान वळवून पायरीकडे बघणार. क्लब पुन्हा खाली गेला तर? एकोणीस वर्षांनी वर आलेलं पोर आपल्या पायगुणानं खाली ढकलायचं?

नवा मोसम सुरू झाला त्या रविवारी पूर्णिमाचा फोन येऊन गेला. हिंमतरावांनी जांभळा शर्ट घातला, पिशवीत शेंगदाण्याच्या दोन पुड्या टाकल्या, सवयीनं. मैदानाच्या कोपऱ्यापाशी क्षणभर थांबले. पोरं फक्कीनं रेषा मारत होती. मग पाठ फिरवून बसस्टॉपवर गेले.

लोणीला गाडी वळली तेव्हा साडेतीनला दहा कमी होते. शकू भांडी विसळत होती. तिनं हात पदराला पुसले.

"आलात व्हय बाबा? आज बी म्याच हाय?"

हिंमतराव बाकड्यावर टेकले. एक पुडी तिच्या पुढे ठेवली, एक स्वतः सोडली.

"आहे," ते म्हणाले.

"जिकनार का मग?"

किती महिन्यांनी कुणीतरी विचारलं होतं. हिंमतरावांनी तोंड कडू केलं.

"छे," ते म्हणाले. "आज हरतोय."