टायरला सांगितलेलं वजन

मोखाड्याहून जव्हारला जाताना घाटाच्या तोंडाशी माझं दुकान आहे. भाताची पोती तोलायचा काटा दारातच असतो. एकदा एक जाडजूड सायकलवाला थांबला आणि अंगठ्याने टायर दाबत बसला. टायर बोटभर रुंद, आत ट्यूब शिवलेली, चाकाला डिंकाने चिकटवलेला. हवा कमी, म्हणून येताना प्रत्येक खड्ड्यात चाकाची कड दगडावर आपटत होती, म्हणाला. उतारावर टायर फुटला असता तर हा सरळ दरीत.

हवा किती भरू, म्हणून त्याने टायरवाल्याला फोन लावला. टायरवाल्याने याचं वजन विचारलं.

"ऐंशी," हा पोट आत ओढून म्हणाला. फोनवर पोट कुणाला दिसणार होतं?

"चढ काट्यावर," मी म्हणाले.

"आजी, तो भाताचा आहे."

"मग तू काय खातोस?"

तो चढला. मीच फोनमध्ये ओरडले, "एकशे बारा!"

"अहो, मग हवा वाढवा! आणि पुढच्या वेळी रुंद टायर घ्या," टायरवाला म्हणाला.

पंप मारून त्याने टायर टणक केला. निघताना हळूच म्हणाला, "आजी, घरी सांगू नका हं."

त्याचं घर कुठं आहे, हे मला कुठं ठाऊक होतं! दरीला मात्र तो इतका घाबरला नव्हता.