कमानीतला माझा हिस्सा

सन दोन हजार तीन. मला चोपन्नावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, त्यात चौथीत दोनदा बसलेलो. तरी मी हॉलंड बघून आलो. आणि तिथं जे बघायचं होतं ते माझ्यासंगं आलेल्या पाच शिकलेल्यांनी बघितलं नाही, हे आज लिहून ठेवतो. कोणाला राग आला तर येऊ दे.

आमच्या दूध संघाचा अभ्यास दौरा निघाला होता. चेअरमन, चार संचालक, आणि सहावा एक साधा दूध घालणारा शेतकरी पाहिजे, असा कागदावर नियम. नियम नसता तर मला कोणी विचारलं नसतं. मी नाहीच म्हणणार होतो. दुष्काळाचं साल, दावणीला दोन बैल, कडबा संपत आलेला. चारा छावणी मंजूर होती पण उघडली नव्हती, कारण नारळ चेअरमनच्या हातानं फुटायचा होता आणि चेअरमनला हॉलंडला जायची घाई होती. पण हाच चेअरमन सभेत सगळ्यांपुढं बोलला, "ह्याला कशाला नेता? इमानात वकंल." झालं. मी म्हणालो, "आता येतोच." आयुष्यातला हा एक मूर्खपणा मी कबूल करतो. बाकीचे करत नाही.

निघताना धाकट्या भावाशी बोली झाली. त्याचं म्हणणं, दोन्ही बैल उपाशी मारण्यापरीस एक आष्टीच्या बैलबाजारात विकू आणि दुसरा जगवू.

मी म्हणालो, "एक चप्पल इकून दुसरी पायात घालतो का रं तू?"

"दादा, तुमी चालले इमानात. पानी मी शेंदायचं, वैरन मी हुडकायची. बाजाराच्या आधी आलात तर तुमचं ऐकंन. आदल्या दिवशी दिवस मावळला की मी बैल घेऊन आष्टीची वाट धरनार."

"मावळायच्या आत दारात असंन."

दौऱ्याच्या कागदाप्रमाणे आम्ही बाजाराच्या चार दिवस आधी घरी येणार होतो. त्यामुळं शब्द द्यायला जड गेलं नाही.

हॉलंडात सात दिवस राहिलो. गोठा बघितला एक, तोही चहा प्यायच्या वेळेएवढा. बाकीचे फोटोसाठी गायीजवळ उभे राहिले. एका संचालकानं नाकाला रुमाल लावला. दूध संघाचा संचालक, आणि त्याला शेणाचा वास सोसेना! मी गोठ्यामागं गेलो. तिथं पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेले चाऱ्याचे गठ्ठे रचून ठेवले होते, माणसाच्या छातीएवढे. ओलं गवत दाबायचं, हवा आत शिरू द्यायची नाही, आणि नडीच्या दिवसाला फोडायचं. घरधन्यानं हातवारे करून सांगितलं, मी मान डोलावली. मला सगळं समजलं.

परतीच्या विमानात चेअरमन पहिल्यांदाच माझ्या शेजारी येऊन बसला. हातात वही.

"काय काय शिकलो आपुन, सांग बरं. अहवाल द्यावा लागतो."

"तुमी हुतात की तिथं."

"मी चर्चेत होतो रं."

चर्चा म्हणजे दुकानातल्या बाईशी घड्याळाची. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. पुढं अहवाल छापून आला, त्यात ते गठ्ठे म्हणे चेअरमनच्या नजरेस पडले.

मधे दुबईला विमान बदलायचं होतं. तिथं यांनी एक दिवस वाढवला, कारण बायकांनी याद्या दिल्या होत्या. मला बाजारात एका बाकावर बसवलं आणि सगळ्यांच्या पिशव्या माझ्या पायाशी ठेवल्या. दिवसभर राखण केली. परक्या मुलखात पिशव्या टाकून जाणार कुठं? नाहीतर गेलो असतो.

मुंबईत दोन दिवस गेले. मंत्रालयातल्या साहेबांना हार घालून फोटो काढल्याबिगर अभ्यास पुरा होत नाही. पहिल्या दिवशी साहेब भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी भेटले, हार घेतला आणि आमच्याकडं न बघता आत गेले. हे पाच जण तेवढ्यावर खूष. मी म्हणालो, गावाला फोन तरी लावा, भावाला निरोप द्यायचाय. आमच्या गावात तेव्हा एकच फोन, दूध संस्थेत. वाजून वाजून बंद पडला. मागाहून कळलं, संस्थेची माणसं कमान बांधायला गेलती.

बाजाराच्या आदल्या दिवशी पहाटे जीप निघाली. नगर ओलांडलं, दोनच्या सुमारास आमच्या जिल्ह्याची शीव आली. मला वाटलं, आता काय, पोचलोच. तर शिवेवरच्या ढाब्यापाशी चेअरमननं जीप थांबवली.

"पाच वाजता सत्कार हाय. आत्ताच गेलो तर हार घालायला मानूस नसंल."

समुद्र ओलांडून आलेला माणूस स्वतःच्याच उंबऱ्यापाशी अडीच तास बाजेवर लोळतो. का? तर हार अजून ओवायचे राहिलेत. ढाबेवाल्याच्या बायकोनं लांबून आणलेल्या पाण्यानं या पाचांनी तीन तीनदा तोंड धुतलं. मग कडक इस्त्रीचे कपडे चढवले. जसं काही लगीन लागणार होतं.

मी म्हणालो, "मला जाऊ द्या. माझा बैल चाललाय."

"बस बे गुमान. पत्रिकेत सहा छापलेत. पाचच उतरले तर लोक म्हंतील, एक तिकडंच मेला."

सगळे हसले. तिथून गाव लई लांब, चालत मावळायच्या आत झालं नसतं, म्हणून बसलो. भीतीनं बसलो नाही.

पाचाला संघाच्या शीतकरण केंद्रापुढं उतरलो. तिथून माझं गाव दोन कोस. बँड होता, मांडव होता आणि रस्त्यावर कमान. ती बघून माझे पाय जागच्या जागी थांबले. दोन्ही बाजूंना उसाच्या मोळ्या उभ्या बांधलेल्या, मुळापासून शेंड्यापर्यंत हिरव्यागार. कुठल्याशा बागायतातून ट्रक भरून आणला होता. त्या साली आमच्याकडं बाया उसाच्या शेंड्याच्या पाल्यासाठी, वाढ्यांसाठी एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, आणि इथं वाढं वाऱ्यावर फडफडत होतं. एक भाकड गाय वासानं कमानीकडं आली, तर बिल्ला लावलेल्या माणसानं तिला काठीनं हाणली. दूध संघाच्या दारात गाय हाणली! मांडवातल्या एकालाही काही वाटलं नाही.

माझ्या गळ्यात हार पडला, तो पडू दिला. चेअरमन माईकवर जाऊन "हॉलंडची गाय" म्हणाला, तसा मी मागं फिरलो, कमानीच्या खांबाशी गेलो आणि सुतळी दातानं तोडली. मोळी अंगावर आली.

चेअरमन माईक सोडून धावत आला. "अय! काय करतो बे?"

"कमान कोनासाठी बांधली?"

"आपल्या स्वागतासाठी!"

"किती जनांच्या?"

"सहा जनांच्या. मग?"

"मग सहावा हिस्सा माझा. सहकार हाय न्हवं?"

बँडवाले पहिले हसले. मग मांडव हसला. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला उसाशी झोंबता येत नाही, कपडे मळतात. तो नुसता उभा राहिला. मी उपरण्यानं मोळी बांधली, डोक्यावर घेतली आणि चालू लागलो. पिशवी जीपमध्येच राहिली. राहू दे म्हटलं.

दोन कोस वाट. मान मोडून आली, पण मोळी खाली टेकवली नाही, कारण एकदा टेकवली तर उचलून डोक्यावर द्यायला दुसरा कोणी नव्हता. दिवस डोंगराला लागला तेव्हा गावाखालचा कोरडा ओढा आला. आणि पल्याडून भाऊ उतरत होता. हातात कासरा, मागं बैल. शिंगं रंगवलेली.

"दिवस अजून मावळला न्हाई," मी वरडलो.

भाऊ थांबला. "मला वाटलं, तुमी काय येत न्हाई आता. चार दिवस वाट बघितली, दादा."

"बोली मावळायची हुती."

तो काही बोलायच्या आत बैलानं कासरा हिसकला आणि माझ्या डोक्यावरच्या मोळीत तोंड घातलं. मी मोळीसकट ओढ्यात बसलो. बैल खात होता, माझ्या गळ्यातला हारही त्यानं खाल्ला. भावानं मोळीला हात लावून बघितला.

"ह्ये कुठून आनलं?"

"परदेशातून."

तो हसला नाही. उसाचं एक कांडं मोडून त्यानं चोखलं, मग कासरा माझ्या हातात दिला, म्हणाला, "ह्यानं चार दिवस निघतील. म्होरं?"

खरं बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजाराची माणसं रस्त्याला लागायच्या वक्ताला, मी दोन्ही बैल रिकाम्या गाडीला जुपले, भावाला शेजारी बसवलं आणि उरलेले पाच हिस्से आणायला गेलो.