ते लहान गळे मी शिवले होते

शेवंती काल गेली, आणि मी चाळीस वर्षं खोटी वागले.

हे लिहिलं आणि दोनदा पुसून टाकलं.

सत्तरच्या दशकात, आपल्या या बेटावर, गावच्या बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, मराठीच्या क्लासला आम्ही एकाच चटईवर बसायचो. गुरुजींनी प्रश्न विचारला की मी तिच्या पाठीमागे लपायचे. पहिल्यापासून भित्री मी.

मोठ्या झाल्यावर दोघी क्युरपिप शहरातल्या एका स्वेटर फॅक्टरीत लागलो. ऐंशीनंतर गावातल्या निम्म्या पोरी कुठल्या ना कुठल्या फॅक्टरीत होत्या. आम्ही एकाच टेबलावर गळे शिवायचो.

एक दिवस माझ्या हातून अख्ख्या लॉटला चुकीचे गळे लागले. स्वेटर मोठ्या माणसांचे, गळे पोरांचे!

मॅनेजरनं एक स्वतः घालून पाहिला. तो कानांशी अडकला.
कोणी हसलं नाही.

"किसान्नला फिन फेर सा?" कोणी केलं हे?

बाबा अंथरुणाला खिळलेले, घर माझ्या एकटीच्या पगारावर.

शेवंती मान खाली घालून मराठीत पुटपुटली. तिथं गावच्या आम्ही दोघीच, आमची मराठी दुसऱ्या कोणाला कळत नव्हती.

"तू गप ऱ्हा. तुझा बाप आजारी हाय. माझं दोन भाव कमावत्यात."

मग मोठ्यानं, बेटावरच्या क्रेओल बोलीत: "म्वा, मिस्ये." मी केलं, साहेब.

तिला तिथल्या तिथे काढलं. मी पुढचा लॉट घेतला.

दुसऱ्या कुठल्या फॅक्टरीनं तिला घेतलं नाही. ती उसाच्या शेतात गेली. लग्नानंतर कार्तिए मिलितेरच्या बाजारात भाजी विकली.

गावाला मात्र चेष्टेला विषय मिळाला. गणपतीत हार करायला बसलो की कोणीतरी म्हणायचंच, "शेवंतीला देऊ नका गं, देवाच्या डोक्यातनं जायाचा न्हाई!"

ती हसायची.
मीही हसायचे. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी हसायचे.

एकदा धीर करून तिच्या घरी गेले. म्हटलं, "शेवंते, मी समद्यांना खरं सांगते."

"आता काय सांगतीस? च्या पी, थंड हुतोय."

मी चहा प्यायले आणि घरी आले.

लग्नात, बारशाला ती चारचौघींत बोलायला लागली की मी कान देऊन ऐकायचे. आज सांगेल का? जिनं मला वाचवलं, तिलाच मी जन्मभर घाबरले.

तिनं कधीच सांगितलं नाही. पोटच्या पोरालासुद्धा नाही.

काल सकाळी त्याचाच, विनोदचा, फोन आला. "मावशी, आई गेली."

खरं सांगते. रडू फुटायच्या आधी, क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून मला माझीच भीती वाटतेय. काल रात्रभर दिवा चालू ठेवला.

विनोद, बाळा, परवाच्या प्रार्थनेला आईविषयी मी बोलावं असं तू म्हणालास. "तुझ्याइतकं तिला कोणी ओळखत नाही, मावशी."

आधी हे वाच. गावच्या ग्रुपवर टाकतेय, सगळ्यांनी वाचा. त्याची आई कामात चुकली नव्हती.

वाचूनही मी यावं असं वाटलं तर फोन कर, विनोद. नाही केलास तरी मी समजेन.

शेवंते, जा आता सुखानं.

तुझी सुमी