आठ किलोची सीट

माणसाने उघडू नयेत अशा वस्तू जगात फार थोड्या आहेत. मामाजींच्या मोटारीची सीट ही त्यातली एक, हे मला ती उघडल्यावर कळलं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन अकोल्यात राहिलेले. त्यांच्याकडे एक लाल, बिनटपाची, दोनच माणसांची विलायती स्पोर्ट्स कार आहे. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. कोंबड्यांना उठवून मामाजींनी ती घरी आणली आणि सहा वर्षं खपून चालती केली. तिला हात लावायची परवानगी जगात दोघांनाच : मामाजी आणि त्यांचं फडकं. (सासूबाईंना नाही. त्यांनी एकदा बॉनेटवर पापड वाळत घातले होते.)

यंदा अकोल्यात जुन्या मोटारींची फेरी निघायची होती. गाडी चकाचक, फक्त सीटा कुजलेल्या! नागपूरचा कारागीर म्हणे महिना लागेल. माझ्या तोंडून निघून गेलं, "मामाजी, सीटा मी घरी करतो ना!"

मामाजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "जवाईबुवा, सीटा जमल्या तं फेरीत गाडी तुमी चालवा. शब्द देतो."

अकरा वर्षं मी त्या स्टिअरिंगकडे, निर्जळी उपासवाल्याने जिलबीच्या कढईकडे पाहावं तसा पाहत होतो! त्याच संध्याकाळी नट खोलून दोन्ही सीटा अमरावतीला, राजापेठेतल्या आमच्या गच्चीवर आणल्या. फक्त वरचं कातडं बदलायचं होतं. पण मी पडलो फिजिक्सचा क्लासवाला. आत काय असतं, हा प्रश्न मला झोपू देईना. स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि टराटरा फाडलं. आत काथ्या, कोंबडीची दोन पिसं आणि थेट विलायतेहून आलेली धूळ! आणि स्प्रिंगा. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या बाजूला का कलते, हे पाहायला मी एक काढली. मग दुसरी. एकविसावी उडून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीत पडली.

माझी बायको शालू वर आली. "हे काहून खोललं सारं?"

"पाहून रायलो, आत काय असते."

"दिसलं ना? मंग बसवा आता!"

स्प्रिंग बाहेर येते ती आनंदाने, आत मात्र जात नाही. मी म्हटलं, "फोम भरू."

"फोम?" शालूचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला. "दर्यापूरले घरचा कापूस पडून हाये, अन् माह्या बाबाले फोमवर बसवता?"

कापूस आला, पिंजून झाला. गादीवाले बशीरभाई दाभण घेऊन गच्चीवर आले. सीट उलटीपालटी करून म्हणाले, "दो किलो में हो जाती, भाभी."

"दोन किलो? बाबानं मले लग्नात आठ किलोची गादी देली होती! त्याईले मी दोन किलोवर बसवू? लोक म्हणतीन, पोरगी कंजूस निघाली!"

"भाभी, इसपे बैठना है, सोना नहीं है!"

"आठ किलो म्हंजे आठ किलो. एकेकीत."

बशीरभाईंनी आशेने माझ्याकडे पाहिलं. एका सीटमध्ये जास्तीत जास्त किती कापूस मावतो, याची मला स्वतःलाच आता भयंकर उत्सुकता लागलेली! मी म्हटलं, "भरून तं पाहू."

ते हाताने भरत गेले, मग ढोपराने, शेवटी उभं राहून लाथेने. वर लाल रेक्झिन शिवलं. आणि नवी गादी उन्हात टाकायची असते, म्हणून शालूने सीटा दोन दिवस अमरावतीच्या मे महिन्याला दाखवल्या. सीटा पुरीसारख्या टम्म फुगल्या! माप घ्यावं असं वाटलं होतं. टेप माझ्या खिशात होता. गाडी अकोल्यात होती.

रविवारी पहाटेच्या बसने निघालो. सीटा मधल्या वाटेत ठेवल्या. एक आजोबा एकीवर टेकले ते मूर्तिजापूरपर्यंत घोरले. उतरताना म्हणाले, "पोरा, असं सुख घरच्या पलंगावर नाई!" माझी छाती सीटेएवढी फुगली.

अकोल्यात सीटा बसवल्या आणि मी ऐटीत स्टिअरिंगमागे चढलो. हो, चढलोच! काच माझ्या पोटाशी आली. मांड्या आणि स्टिअरिंग यांची अशी घट्ट गाठ पडली की चाक वळेना आणि मीही हलेना.

"उतरा," मामाजी शांतपणे म्हणाले.

"उतरता येऊन नाई रायलं, मामाजी."

त्यांनी एका बाजूने ढकललं, सासूबाईंनी दुसऱ्या बाजूने ओढलं, तेव्हा मी सुटलो. फेरीला अर्धा तास उरलेला! मामाजींनी चालकाची सीट उपटून अंगणात फेकली, तिथे स्वयंपाकघरातला पाट ठेवला आणि त्यावर मांड ठोकून बसले. दुसरी सीट काढायला वेळ नव्हता.

"ही करणी तुमची हाये. तुमीच बसा तिच्यावर!"

पडू नये म्हणून सासूबाईंनी मला कमरेला दोर लावून बांधलं आणि आमची स्वारी निघाली; त्या मागून ऑटोने. खाली पाटावर मामाजी, फक्त टक्कल दिसतंय; वर मी, आभाळात! लोकांना वाटलं, कोणीतरी मोठा पाहुणा आहे. पहिल्याच चौकात कोणीतरी माझ्या गळ्यात हार फेकला. एका बाईंनी लेकराला मला नमस्कार करायला लावला.

गांधी रोडला गाड्या थांबल्या आणि मामाजींना दया आली. "जवाईबुवा, शब्द देला होता. इथून धरा स्टेरिंग. मी खालून ब्रेक-क्लच पाहतो."

अकरा वर्षांनी तो क्षण आला! मी दोराशी झटत, जीव खाऊन हात खाली ताणला. पोचला तो मामाजींच्या टकलापर्यंतच. तिथेच टेकला. आणि नेमके तेव्हाच पन्नास मोबाईल वर झाले.

फेरीत आमच्या गाडीला काहीच मिळालं नाही. पण भर रस्त्यात, गळ्यात हार घालून, सासऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देणारा वऱ्हाडातला पहिला जावई म्हणून माझा फोटो आजही तीन तालुक्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. सर्वांत आधी तो टाकला सासूबाईंनी!