शंका आल्यास वापरावे

क्रांतीचे वडील बाबासो पेठ वडगावच्या चौकात सायकली दुरुस्त करतात. कुणी परका वाट विचारायला थांबला, तर हातातला पाना न ठेवताच सांगतात, "पावणं, सरळ जावा. फुडं कुणालाबी इचारा." माणूस पुढं जातो, विचारतो, पोचतो.

लेकीलाही त्यांनी तसंच वाढवलं. एकदा सांगायचं. दुसऱ्यांदा सांगणं म्हणजे समोरच्याला बिनडोक समजणं. "शहाण्याला शब्दाचा मार," हे त्यांचं ठरलेलं. क्रांती मराठी घेऊन एम. ए. झाली. तिथंही तिला हेच आवडलं, की न सांगता पोचतं ते खरं.

मग तिला कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका लहान कंपनीत काम मिळालं. कंपनी संशोधकांसाठी एआय एजंट बनवत होती. विद्यार्थ्यानं विषय सांगायचा. एजंट जगभरचे रिसर्च पेपर शोधणार, वाचणार, संदर्भांसकट टिपण काढून देणार. त्यासाठी त्याच्या हाताशी टूल्स होती. एक पेपर शोधणारं. एक सारांश काढणारं. एक पेपर अजून ग्राह्य आहे की मागे घेतला गेलाय, ते बघणारं. कोणतं टूल कधी वापरायचं, हे एजंटला फक्त त्याचं वर्णन वाचून कळतं. ती वर्णनं क्रांती लिहायची.

"अण्णा, मी यंत्राला समजावून सांगतो," ती घरी वडिलांना म्हणाली होती.

"मग थोडक्यात सांग. लई शहाणं हाय म्हणत्यात की."

तिसऱ्या टूलसाठी तिनं लिहिलं: 'पेपरची सद्यःस्थिती तपासणारे टूल. शंका आल्यास वापरावे.' मालक विश्वजितनं वाचलं आणि मान डोलावली. नेटकं होतं.

एजंट पहिल्यांदा वापरला संयोगितानं. मुरगूडची. क्रांतीची होस्टेलमधली रूममेट. शाळकरी मुलींच्या रक्तक्षयावर ती पीएच.डी. करत होती. घरातली शिकलेली पहिलीच. गावात सगळे आतापासूनच तिला डॉक्टरीण म्हणायचे आणि ती चिडायची.

"सगळं एकदा तपासून घे गं," क्रांती म्हणाली नाही. संयोगिता हुशार होती.

"तू लिहिलंयस न्हवं?" संयोगिता म्हणाली. "मग मी कशाला बघत बसू?"

एजंटनं तिला एक परदेशी पेपर काढून दिला. त्यातल्या मोजमापांवर तिनं सगळ्या मुलींचे गट पाडले. प्रबंध त्याच पायावर उभा राहिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हा पेपर कधीच मागे घेतलाय. आकडे बनावट होते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं.

प्रबंध नामंजूर झाला. नोंदणीची मुदत संपत आली होती. ती वाढवून मिळाली नाही. मार्गदर्शक फोन उचलेनासे झाले.

क्रांतीनं ऑफिसात एजंटच्या कामाची नोंद उघडली. शोधलं. वाचलं. सारांश काढला. संदर्भ दिला. तपासणीचं टूल शेजारीच होतं. त्याला हातही लागला नव्हता. तिनं आपलं वर्णन पुन्हा वाचलं. शंका आल्यास. त्याला शंका आलीच नव्हती. कशी येणार? त्या बिचाऱ्याला पुढच्या वळणावर विचारायला कोण होतं?

तिनं जुनं वर्णन खोडलं. नवं लिहिलं: 'कोणत्याही पेपरचा संदर्भ देण्यापूर्वी हे टूल प्रत्येक वेळी वापरावे. पेपर मागे घेतलेला असल्यास तो वापरू नये, आणि वापरकर्त्याला तसे स्पष्ट सांगावे.' संयोगिताचाच विषय पुन्हा दिला. एजंटनं तो पेपर तिथल्या तिथं पकडला.

विश्वजित मागं येऊन उभा होता. "झालं की!" तो खूश झाला. "एवढंच होतं व्हय?"

"एवढंच," क्रांती म्हणाली.

त्याच दिवशी संयोगितानं होस्टेल सोडलं. क्रांती स्टँडवर गेली. मुरगूडची गाडी लागलेली होती. प्रबंधाच्या प्रती संयोगितानं पोत्यात भरून सीटखाली सारल्या होत्या. क्रांती खिडकीखाली उभी राहिली.

"घावलं काय, कशानं चुकलं ते?" संयोगितानं विचारलं.

"व्हय."

"काय होतं?"

"वर्णन. माझं."

संयोगितानं तिच्याकडं पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "आता बरोबर सांगतंय?"

"व्हय. लगेच."

"बरं," ती म्हणाली. "गावात डॉक्टरीण म्हणत्यात अजून. त्यांना कोण सांगणार?"

कंडक्टरनं दार ओढलं. क्रांतीला खूप काही म्हणायचं होतं. निदान माफ कर, एवढं तरी. तिनं खिडकीच्या गजावर हात ठेवला. हिला कळलं असेल, असं तिला वाटलं. गाडी हलली आणि हात सुटला.

मग तिला कळलं, आपण आत्ताही काहीच सांगितलं नाही.

तिनं त्या संध्याकाळी फोन लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. संयोगिता उचलत नाही.