मसूदा आणि जिन्यावरचा झरा

तेतुआनच्या जुन्या शहरात खालच्या वेशीपासून वरच्या आळीकडे चढणाऱ्या जिन्यावर मुफद्दलचं पोट होतं. वरच्या घरांना गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, नवरीच्या पेट्या, जे काही लागे ते त्याच्या मसूदाच्या पाठीवरून जाई. मसूदा म्हणजे त्याचं डोंगराकडचं खेचर. मुफद्दल माणसांशी फारसा बोलत नसे. काही सांगायचं असलं की तो मसूदाला सांगे, आणि ज्याचं त्याने ऐकून घ्यावं.

आळीने जिना सजवायला काढला तेव्हा लाद्यांची पोती मसूदानेच वाहिली, तीही फुकट. घराघरांतून फुटक्या बशा आल्या, भट्टीवरचे टाकाऊ तुकडे आले. म्हातारे कारागीर मआल्लम लारबी यांनी त्यांतून वरून खाली उतरणारा निळा झरा योजला होता. तुकडे फक्त पायऱ्यांच्या उभ्या बाजूंना; पाऊल पडतं तिथे जुना दगड तसाच. येणारेजाणारे मात्र विचारत, हे आकाश आहे का. एकाला तर त्यात निळ्या मिरच्या दिसल्या. मआल्लम मान खाली घालून तुकडे बसवत राहिले.

काम चालू असेपर्यंत बसवून झालेला भाग गोणपाटांनी झाकलेला असे आणि मसूदा त्यावरूनच ये-जा करी. काम संपलं, गोणपाटं निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मसूदा पहिल्या पायरीपाशी थांबली ती थांबलीच.

साखरेचा खडा दाखवून झाला, ओढून झालं, डोळे बांधून झाले. ती कान मागे टाकून उभी. कॉफीच्या दुकानातून कुणी म्हणालं, "मुफद्दल, तिला रीतसर आमंत्रण दिलं नसशील."

असे काही दिवस गेले. दुसरी वाट नव्हती. वरची तरुण मंडळी टाक्या खांद्यावर नेऊ लागली, दमली, आणि हमाल ठरवावेत असं बोलू लागली. बाजारातला दलाल येऊन मसूदाचे दात बघून गेला. तँजियरहून भाच्याचा फोन आला की मामा, विका तिला आणि इकडे या, गाड्यांची राखण करायची, बसून काम. मुफद्दलने त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या संध्याकाळी तो तिला बराच वेळ खरारा करत राहिला.

सकाळी तो पुन्हा तिला घेऊन पायथ्याशी आला. मआल्लम तिथे शेवटचे तुकडे पुसत होते. आळीच्या भट्टीवर पाव भाजणारी रहिमो, सगळ्यांची खाल्ती म्हणजे मावशी, डोक्यावर फळी घेऊन उतरत होती. तीही मुफद्दलच्याच डोंगरातली.

"गावी ओढा लागला की काय करते रे ही?" रहिमोने विचारलं.

"अशीच उभी राहते," मुफद्दल म्हणाला, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून चमकला.

तिघांनी जिन्याकडे पाहिलं. कोवळं ऊन निळ्या तुकड्यांवरून खाली वाहत होतं.

"म्हणजे तिला झरा कळला," मआल्लम हळूच म्हणाले. "एवढ्या आळीत एकटीला." मग त्यांनी छिन्नी काढली. "खालच्या पायऱ्यांचे तुकडे उतरवतो."

"हात लावायचा नाही. लोकांनी घरच्या बशा दिल्यात."

एवढं बोलणं मुफद्दलने माणसाशी क्वचितच केलं असेल. रहिमोने फळी खाली ठेवली, कमरेचं, डोंगरातल्या बायका गुंडाळतात तसं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं फडकं सोडलं आणि पहिल्या पायरीची निळी बाजू झाकेल असं लोंबतं टाकून वर दोन दगड ठेवले. "बायांनो, जुनी फडकी आणा गं," तिने वर हाक दिली. "पाहुणी डोंगरातली आहे, तिला ओळखीचं काहीतरी दिसू द्या."

ज्या बायकांनी जिना सजवला त्यांनीच तो झाकला. मसूदाने पहिलं फडकं हुंगलं, नाक फुरफुरवलं आणि पाय उचलला. मुफद्दल तिच्या बरोबरीने चढत होता, पण लगाम त्याने धरला नव्हता.

पुढे रोज एक-एक फडकं कमी होत गेलं. शेवटचं राहिलं होतं रहिमोचं. एकदा तिने ते धुवायला नेलं आणि सांगायला विसरली. फडकं नाही हे मुफद्दलच्या ध्यानात आलं तेव्हा मसूदा टाक्या घेऊन निम्म्यावर पोचली होती. बायकांनी नुकताच जिना धुतला होता. एका निळ्या पायरीपुढे ती थांबली आणि तिने मान खाली घातली.

तिने ओली लादी चाटली. एकदा, मग पुन्हा एकदा. मग ती चढू लागली.

मुफद्दलचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच पायरीवर टेकला आणि खाली उभ्या मआल्लमना म्हणाला, "पाणी गोड आहे म्हणते."