ठिपक्याच्या खाली

लडाखमधला तो डोंगर चढताना माझ्या हातातल्या फोनच्या पडद्यावर एक लाल ठिपका होता. उपग्रहाची चित्रं, उतार, पाणी, ऊन असं सगळं संगणकाला भरवून आम्ही तो पुण्यात बसून काढला होता. प्राचीन मेंढपाळांचा तळ इथे असणार, असं नकाशा म्हणत होता. आधीचे सगळे ठिपके रिकामे निघाले होते. हा शेवटचा.

ठिपका गाठण्याआधीच माझा दम संपला. वाऱ्याच्या आडोशाला एक दगड दिसला, त्यावर बसलो.

"सर, थोडंच राहिलंय!" माझी विद्यार्थिनी मेधा वरून ओरडली.

"तू हो पुढे. माझ्याच्यानं नाही होत आता."

ती जाऊन आली. "काही नाही हो वर, नुसता खडक," म्हणत माझ्याजवळ टेकली. मग तिची नजर खाली गेली. माझ्या बुडाखालचा दगड एकटा नव्हता. मातीत अर्धवट बुडालेली दगडांची रांग गोल वळत गेली होती. आत काळवंडलेली चूल.

"सर, तुम्ही त्यांच्या भिंतीवर बसलाय!"

संगणकाला आम्ही सगळं भरवलं होतं, थकवा तेवढा राहिला होता. खुर्चीत बसून तो सुचणार तरी कसा? इथेच कधीतरी कुणाचा तरी दम असाच संपला असेल. कुणीतरी वरून हाकही मारली असेल, थोडंच राहिलंय म्हणून.

मेधा घाईघाईने मोजमापासाठी टेप काढू लागली.

"बस गं जरा," मी म्हटलं. "ज्यांनी ही भिंत घातली, तेही आधी बसलेच असतील."